रेकॉर्ड धुवायचा टब, कार्बन ब्रश आणि ती गन : नऊ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणार आहे, कारण मी एक वस्तू घेऊन थांबले नाही. ब्रश घेतला, तो बोगस निघाला म्हणून दुसरा घेतला, मग धुवायचा टब घेतला, मग मैत्रिणीची अँटी-स्टॅटिक गन (स्टॅटिक म्हणजे रेकॉर्डवर साठलेली स्थिर वीज, ती घालवणारी) महिनाभर घरी आणून ठेवली, आणि एवढं सगळं करून सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर पिशव्यांचा. हो, रेकॉर्ड ज्यात ठेवतो त्या आतल्या पिशव्यांचा. ज्यांना घाई आहे त्यांनी डायरेक्ट तिथे जा, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

झालं काय, मागच्या जुलैत मिरजेचं आजोबांचं घर रिकामं करायला घेतलं तेव्हा माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका सापडल्या. आत रेकॉर्ड्स. मोजल्या तर १४० च्या वर भरल्या, बऱ्याचशा मोठ्या एलपी, मग छोट्या सात इंची ईपी, आणि एकदम तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या जड, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ७८ वाल्या. मामा म्हणाला भंगारवाल्याला देऊन टाक, मी म्हटलं मामा थांब जरा, आणि गाडीत घालून पुण्याला घेऊन आले. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, घरात होतंच, नवऱ्याने लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेलं आणि नंतर त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे. पहिलीच भीमसेनजींची एलपी लावली आणि तानपुऱ्याच्या आधी जो आवाज आला तो शुद्ध पापड तळल्याचा. चर्र चर्र चर्र, मध्येच टक्. आई आतून म्हणाली गॅसवर काय ठेवलंयस का.

मग सगळे करतात तेच केलं, नेटवर शोधलं, आणि जो तो सांगत होता स्टॅटिक आहे स्टॅटिक आहे, ब्रश घ्या. घेतला. साडेचारशे रुपयांचा, कार्बन फायबर असं डब्यावर छापलेलं, प्लॅस्टिकची काळी मूठ. रेकॉर्डवरून फिरवला की धूळ इकडची तिकडे व्हायची आणि काही धागे ब्रशचेच गळून रेकॉर्डवर पडायचे. हे मी आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. काका रिटायर्ड आहेत, रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी ब्रश हातात घेतला, आत जाऊन मल्टीमीटर घेऊन आले, एक टोक ब्रशच्या केसांना लावलं, एक मुठीला, आणि म्हणाले, "अगं हा ब्रश नाही, ही केरसुणी आहे."

मुद्दा असा की कार्बनचे तंतू वीज वाहून नेतात, म्हणून तर ते वापरायचे. रेकॉर्डवरचा चार्ज तंतूंतून मुठीच्या धातूत, तिथून तुमच्या बोटांत आणि पुढे जिथे जायचा तिथे गेला पाहिजे. मूठच प्लॅस्टिकची असेल आणि तंतू नुसते त्यात चिकटवलेले असतील तर चार्ज जाणार कुठे? चांगल्या ब्रशला मुठीवर धातूची पट्टी असते आणि बोट नेमकं तिथे ठेवायचं असतं, ते कुणी सांगत नाही. दुसरा ब्रश सोळाशेला पडला, काकांनी मीटर लावून पास केला, आजपर्यंत एक तंतू गळलेला नाही. वापरायची पद्धत, रेकॉर्ड फिरत असताना ब्रश हलकेच टेकवायचा, दाबायचा नाही, दोन-तीन फेरे होऊ द्यायचे आणि मग हळूहळू बाहेरच्या कडेकडे सरकवत उचलायचा, म्हणजे गोळा झालेली धूळ रेकॉर्डवर न राहता बाहेर जाते. प्रत्येक वेळी लावायच्या आधी दहा सेकंदांचं काम आहे. वरवरच्या धुळीसाठी एकदम मस्त. पण पापड? पापड चालूच.

इथे मला एक गोष्ट कळली जी मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर बरं झालं असतं. स्टॅटिकचा आवाज आणि घाणीचा आवाज वेगळा असतो आणि ओळखायला एकदम सोपा आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या स्पीडला एलपीचा एक फेरा १.८ सेकंदात होतो. टक् आवाज आला आणि बरोबर तेवढ्याच अंतराने परत परत आला तर तो चरा. तोच भाग परत लावल्यावर त्याच जागी आला तरी तो चरा किंवा चिकटलेला कचरा. स्टॅटिक असं वेळापत्रक पाळत नाही, ते कुठेही उडतं, आज जिथे टक् झालं, उद्या त्याच जागी होईलच असं नाही. मी कागद-पेन घेऊन बसले आणि चार एलपींच्या एकेका गाण्यातल्या टक् आवाजांच्या वेळा लिहिल्या (हो, नवरा हसला), दुसऱ्या दिवशी तीच गाणी परत लावली. बहुतेक सगळे टक् जागच्या जागी! म्हणजे मी महिनाभर ज्याला स्टॅटिक स्टॅटिक म्हणत होते ती आजोबांच्या माळ्यावरची मिरजेची धूळ होती, वरून बुरशी.

नीट विचार केला तर साहजिकच आहे म्हणा. पिन ज्यातून फिरते ती वीस मिनिटांच्या एका बाजूची खाच सरळ केली तर चारशे मीटरच्या वर लांब भरते, म्हणजे ग्राउंडला एक पूर्ण चक्कर. तेवढ्या लांब आणि केसापेक्षा बारीक गटारात पन्नास वर्षांची धूळ, उदबत्तीचा धूर आणि बोटांचं तेल बसलंय, ते कोरड्या ब्रशने कसं निघणार. स्टॅटिकचा दोष एवढाच की ते धूळ ओढून आणतं आणि धरून ठेवतं. एलपी पीव्हीसीची म्हणजे व्हिनाइलची असते आणि पीव्हीसीला इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची भारी सवय, कागदाला घासलं, कपड्याला घासलं, पिशवीतून ओढलं की चार्ज घेतलाच, आणि वीज वाहत नसल्यामुळे तो तसाच धरून बसते.

तर धुणं भाग होतं, म्हणून टब.

टबाचं नाव लिहित नाही कारण हाच्या हाच डबा मला ऑनलाइन चार वेगवेगळ्या नावांनी दिसला, रंग तेवढा बदललेला. अमेरिकेत स्पिन-क्लीन नावाचा एक टब १९७५ पासून मिळतो, जर्मनीत क्नोस्टी, ही त्यांची नक्कल आहे. आत पाणी भरायचं, दोन बाजूंना दोन ब्रश, मध्ये रेकॉर्ड उभी धरायची आणि हाताने गोल फिरवायची, तीन फेरे असे, तीन फेरे तसे. मोटर नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं काही नाही. ४२०० ला घेतला. बरोबर लिक्विडची छोटी बाटली, दोन फडकी आणि एक रॅक आलं, त्यातलं रॅक इतकं लेचंपेचं की दोन एलपी ठेवल्यावर झुकायला लागलं. ते मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं आणि आईचं ताटाळं आणलं. स्टीलचं जुनं ताटाळं, ज्यात आपण ताटं उभी लावतो ते, त्यात एलपी इतकी परफेक्ट बसते की जणू त्याच्यासाठीच बनवलंय, आठ-दहा एलपी एका वेळी, मध्ये हवा खेळायला जागा, टेकतं फक्त कडेला. तुमच्याकडे असेल तर रॅकवर एक रुपया घालवू नका. फक्त आईला विचारा आधी.

पाण्याचं मात्र ऐका. मी पहिल्या खेपेला नळाचं पाणी घेतलं. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर आणि बाकी वर्ष बोअर मिक्स, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ६०० च्या आसपास दाखवतं. सहा एलपी धुतल्या, वाळल्या, उजेडात धरल्या तर त्यावर बादलीच्या तळाला बसतो तसा पांढरा थर, अगदी बारीक, पण होता. म्हणजे धूळ काढून क्षार भरले. परत धुतल्या. आरओचं पाणी आमच्याकडे ४० येतं, ते नळापेक्षा खूपच बरं पण शेवटचं पाणी म्हणून नको. डिस्टिल्ड वॉटर आणा, केमिकलच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी मी मीटर लावून बघितलं, एक कॅन २ आला आणि दुसरा २८, त्यामुळे मीटर असेल तरच घ्या.

नुसतं पाणीही पुरत नाही. पाण्याला थेंब होऊन बसायची सवय असते, ते एवढ्या बारीक खाचेत आपणहून उतरतच नाही, वरून पूल बांधल्यासारखं सरकून जातं. म्हणून त्यात थोडं वेटिंग एजंट लागतं, फोटोच्या डार्करूममध्ये फिल्म धुताना शेवटी वापरायचे तेच, लिटरला काही थेंब फक्त. त्याने पाणी पसरतं. एलपीसाठी मी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोलही घालते, पण थोडंच, आणि मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट नाही, त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं. भांड्यांचं लिक्विड नको, त्यात वास आणि रंग. एका नातेवाइकांनी रिठ्याचं पाणी सुचवलं, चांदी कशी चकचकीत होते म्हणाले. चांदी होते हो, पण रिठ्याच्या पाण्यात साखर आणि चोथ्याचे कण असतात, ते चारशे मीटर गटारात वाळले की काय होईल विचार करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, धुऊन झाल्यावर टब रिकामा करायचा, साधं डिस्टिल्ड भरायचं आणि तीच रेकॉर्ड परत फिरवायची. विसळणं. कपडे आपण साबणातून काढून तसेच वाळत घालतो का? मग रेकॉर्ड का घालायची? टबाबरोबरच्या कागदावर विसळायचं कुठेही लिहिलेलं नाही आणि मी पहिल्या तीस एलपी तशाच वाळवल्या, त्या वाजवल्यावर दहा मिनिटांत पिनेवर करडा गोळा जमायचा. तो साबणाचा थर होता.

निकाल? भीमसेनजींची ती एलपी धुऊन, विसळून, रात्रभर ताटाळ्यात ठेवून सकाळी लावली. तानपुरा ऐकू आला. म्हणजे आधी ऐकू येत नव्हता असं नाही, पण आता त्याचा जवारीचा झंकार वेगळा कळत होता, मागे थोडं खसखस आहे, एक चरा आहे तो राहणारच, पण पापड गेला. माणिक वर्मांच्या एका ईपीचा फरक तर इतका की आई ओट्यावरून हात पुसत बाहेर आली आणि उभ्याउभ्या पूर्ण गाणं ऐकून आत गेली. बुरशीवाल्या साताठ एलपींमध्ये मात्र अर्धंच यश. पांढरे ठिपके निघाले, पण जिथे बुरशीने पृष्ठभागच खाल्लाय तिथे बारीक सरसर राहिलीच, ती टबाने काय कशानेच जाणार नाही.

आता टबाची खरी तक्रार. एलपीला तो चांगला आहे, ईपीला वाईट. सात इंचीला, रेकॉर्ड ज्यावर टेकून फिरते ते रोलर टबाच्या वरच्या खोबणीत बसवायचे असतात म्हणजे फक्त खालची कड पाण्यात जाते, पण माझ्या टबाचे रोलर ढिले आहेत, फिरवता फिरवता एक रोलर घसरला, ईपी खाली बसली आणि लेबलपर्यंत भिजली. त्या लेबलवर आजोबांनी फाउंटन पेनने स्वतःचं नाव आणि तारीख लिहिलेली होती. निळी शाई एका क्षणात पसरली. टिपकागद लावेपर्यंत तारीख गेली, नावातलं आडनाव तेवढं वाचता येतं. त्या दिवशी मी पुढे काहीच धुतलं नाही. नंतर रोलरच्या दांड्यावर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले, प्लंबर लावतात ती पांढरी टेप, तेव्हापासून घट्ट बसतो. पण ४२०० च्या वस्तूला दहा रुपयांची टेप आपण लावायची? स्टार तिथे कापला. आणि ज्या लेबलवर हाताने लिहिलेलं आहे त्याचा आधी फोटो काढून ठेवा. मी आता सगळ्यांचा काढते.

७८ वाल्यांबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण इथे लोक खरंच नुकसान करून घेतात. त्या व्हिनाइलच्या नसतात, लाखेच्या असतात, तीच लाख जी बांगड्यांत आणि सुताराच्या पॉलिशमध्ये असते. काकांनी मला एका वाक्यात पटवलं, "अगं, चपडी लाख स्पिरिटमध्ये टाकली की काय होतं? पॉलिश होतं ना? मग तू बाल गंधर्वांचं पॉलिश करणार आहेस का?" अल्कोहोलचा एक थेंबही नको. जर्मन लिक्विड असो की देशी, बाटलीवर अल्कोहोल लिहिलं असेल तर ७८ ला लावायचं नाही. ७८ वाल्या मी टबात घालतच नाही, आडव्या ठेवून, डिस्टिल्ड आणि वेटिंग एजंटच्या ओल्या मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवते, लगेच साध्या पाण्याने पुसून कोरडी करते, भिजत ठेवत नाही. आणि वर्षावरून अंदाज बांधू नका. बाहेर पन्नासच्या दशकात लाखेच्या रेकॉर्ड्स संपत आल्या होत्या, आपल्याकडे साठच्या दशकात बराच काळ निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा ७८ भारतात निघाल्यात, जगभरचे कलेक्टर त्या शोधत फिरतात. त्यामुळे 'साठ-पासष्टची आहे म्हणजे व्हिनाइलच असेल' असं नाही. हातात घ्या. जड आहे, जाडी आहे, वाकत नाही, टिचकी मारली तर बशीसारखी वाजते, ती लाख. पडली तर बशीसारखीच फुटते, मी एक फोडलीये, कुठली ते सांगत नाही.

लाखेच्या रेकॉर्डला स्टॅटिकचा त्रास जवळजवळ नसतो, तेवढंच त्यांचं सुख.

तो पांढऱ्या गमाचा प्रकारही करून बघितला, सुतारकामाचा गम रेकॉर्डवर जाड थर देऊन वाळवायचा आणि सालीसारखा सोलून काढायचा, घाण त्याला चिकटून येते म्हणे. एका खराब एलपीवर केला. ऑगस्टमध्ये. दोन दिवस झाले तरी वाळेना. तिसऱ्या दिवशी सोलला तर अर्धा निघाला, अर्धा तुकड्या-तुकड्याने, आणि सोलताना एवढं स्टॅटिक तयार झालं की हातावरचे केस उभे राहिले आणि खोलीतली सगळी धूळ धावत येऊन बसली. जिथे निघाला तिथे खाच खरंच स्वच्छ झाली होती, खोटं कशाला बोलू. पण १४० रेकॉर्ड? नको रे बाबा.

आता गन. मिल्टी झिरोस्टॅट, इंग्लंडची, मैत्रिणीच्या भावाने लंडनहून आणलेली. खेळण्यातल्या पिस्तुलासारखी दिसते, बॅटरी नाही, आत दाबल्यावर वीज देणारा स्फटिक. आपल्या गॅस लायटरमध्येही तोच असतो, फक्त लायटरमध्ये हातोडी खाड्कन पडून ठिणगी उडते, आणि गनमध्ये ट्रिगर हळूऽऽ दाबायचा, दोनेक सेकंद, ठिणगी उडूच द्यायची नाही. दाबताना धन आयन बाहेर पडतात, सोडताना ऋण, ते रेकॉर्डवरच्या चार्जशी जुळवून तो मिटवतात. टक् आवाज आला म्हणजे तुम्ही घाईने दाबलंत. रेकॉर्डपासून साधारण फुटभर वर धरायची. नवऱ्याने अर्थातच किचनमधला लायटर आणून तसंच करून बघितलं, काही झालं नाही, तुम्ही करू नका.

गन काम करते का? करते. थर्माकोलचे बारीक दाणे ताटलीत घेतले, पिशवीतून नुकतीच काढलेली एलपी वर धरली, दाणे उड्या मारून चिकटले. गन तीनदा चालवली, परत धरली, दाणे गप्प. एकदम जादू. पण ही जादू मार्चमधली. पावसाळ्यात हाच प्रयोग केला असता तर दाणे मुळातच उडाले नसते, कारण हवेत ओल असली की रेकॉर्डवरचा चार्ज आपोआप निघून जातो. जुलै ते सप्टेंबर पुण्यात, आणि मुंबई-कोकणात तर जवळजवळ वर्षभर, या गनची गरज मला दिसत नाही. तिथे तुमचा शत्रू बुरशी. नागपूरला माझी मामेबहीण असते, तिच्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वेटरशिवायही दाराची कडी झटका देते, तिथे उपयोग होईल, पण तिने सांगितलं की हॉलमध्ये कूलर लावला की तोच प्रॉब्लेम निम्मा होतो. बरोबरच आहे, कूलर म्हणजे ओल. फक्त रेकॉर्डी कूलरच्या झोतात ठेवू नका.

दुसरं, गनने चार्ज जातो, घाण नाही. आणि गनने चार्ज काढलेली रेकॉर्ड तुम्ही परत त्याच जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पुढच्या वेळी ओढून काढली, की चार्ज परत हजर. म्हणजे दर वेळी गन. माझ्या टबापेक्षा ती बरीच महाग आहे. वस्तू म्हणून चांगली, शंभर टक्के चांगली, पण माझ्यासाठी नाही. साभार परत केली.

तर पिशव्या. आजोबांच्या एलपी ज्यात होत्या ती पातळ प्लॅस्टिकची कव्हरं पन्नास वर्षांत कडक झालेली, कुरकुर वाजणारी, काही ठिकाणी रेकॉर्डला चिकटून डाग पडलेले. ईपी नुसत्या कागदात, कागदाचा चुरा खाचेत. मी एवढं धुऊन, विसळून, वाळवून त्यातच परत घालत होते आणि महिन्याने परत धूळ का म्हणून डोकं धरत होते. शेवटी काका म्हणाले, "आंघोळ करून मळके कपडेच घालतेस तू त्यांना." मग अँटी-स्टॅटिक आतल्या पिशव्या मागवल्या, दुधी रंगाच्या, मऊ, राइस पेपरसारखं तलम अस्तर असलेल्या, रेकॉर्डमागे वीस-पंचवीस रुपये पडले. डिसेंबरमध्ये ऐंशी रेकॉर्ड्स त्यात घातल्या आणि साठ जुन्यातच राहिल्या कारण पॅक संपला, त्यामुळे आपोआपच तुलना झाली. मार्चमध्ये दोन्हींतल्या पाच-पाच काढून थर्माकोलवर धरल्या. जुन्या पिशवीतल्या पाचही दाणे उचलत होत्या, नव्यातल्या चार अजिबात नाही आणि एक थोडी. काही न करता! गन नाही, ब्रश नाही. त्या दिवशी उरलेल्या साठांच्या पिशव्या मागवल्या.

अजून तीन बारीक गोष्टी ज्या जवळजवळ फुकट आहेत. टर्नटेबलचं ॲक्रेलिकचं झाकण कोरड्या फडक्याने पुसू नका, मी पुसलं आणि झाकण लावल्यावर पिनेचा हात मधल्या मध्ये तरंगायला लागला, स्टॅटिकने वर ओढला जात होता, पहिल्यांदा वाटलं मशीन बिघडलं. ओलसर फडकं मारा, बास. आणि टर्नटेबलबरोबर फेल्टची चटई असेल तर रेकॉर्ड उचलताना ती पण बरोबर उठते आणि मग धाडकन पडते, तिच्या जागी कॉर्कची लावा. तसंच मागची ती बारीक अर्थची वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला लावलीये का बघा, आमची नऊ महिने लोंबत होती आणि मी त्या गुंईऽऽ आवाजालाही स्टॅटिक म्हणत होते. काकांनी कपाळावर हात मारला.

वाळवताना उन्हात ठेवू नका, गच्चीवर तर अजिबात नाही, पापडासारखी वाकडी होईल. फॅनखालीही नको, धूळ बसते. दार बंद करून रात्रभर.

मार्क द्यायचे तर टबाला पाचपैकी साडेतीन, एलपीच जास्त असतील तर चार समजा, ईपीवाल्यांनी टेप घेऊन बसा. दुसऱ्या ब्रशला चार. पहिल्याला शून्य, तो आता कीबोर्ड झाडायला आहे. गनला चार पण कोरड्या गावातल्या लोकांसाठी, बाकीच्यांनी मित्राची मागून घ्या. पिशव्यांना पाच. व्हॅक्यूमने ओढून घेणारी मोठी मशीन चांगलीच असतात असं ऐकून आहे पण त्या किमतीत मी आणखी शंभर रेकॉर्ड घेईन पुण्याच्या जुन्या बाजारातून, बुधवारी किंवा रविवारी गेलं की काहीतरी हाती लागतंच.

७८ अजून धुऊन नुसत्या ठेवल्यात, त्यांच्या खाचा रुंद असतात आणि एलपीची पिन त्यात तळाला घाणीत लोळते, म्हणून वेगळी जाड पिन मागवलीये, ती यायचीये. टब सध्या काकांकडे आहे, त्यांनी माळ्यावरून स्वतःच्या ईपी काढल्यात. ताटाळं पण मागत होते, पण ते आईने दहादा घासून परत ओट्यावर नेलंय आणि त्यात आता फक्त ताटंच.